अल्पसंख्य समाज आणि पक्षांची निवड : नाशिक जिल्ह्याचा पुरावा

निवडणूक जवळ आली म्हणजे आपल्या सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून निघतो : मुसलमानांचीं मतें या खेपेस कोणाच्या पारड्यांत पडणार? विचारणारा मनुष्य बहुधा दुष्ट बुद्धीनें विचारीत नाहीं. तसा विचार करण्याची संवय त्याला वर्तमानपत्रांनीं लावलेली असते. परंतु या साध्या प्रश्नाच्या पोटांत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. अल्पसंख्य समाजाचा मनुष्य मत देतो तें केवळ धर्म पाहून देतो, ही एक. आणि त्या समाजाचीं मतें मोळीसारखीं बांधलेलीं असून कोणी तरी पुढारी ती मोळी उचलून हव्या त्या दारीं नेऊन टाकतो, ही दुसरी. लढणारे पक्ष दोनच असते तर या समजुतींची परीक्षा करणें कठीण गेलें असतें. पण जेथें पांच-सहा पक्ष एकाच उंबरठ्यावर उभे राहतात तेथें मतदाराला निवड करावी लागते, आणि निवडींतच त्याच्या मनाचा ठाव लागतो.

या परीक्षेसाठीं फार दूर जावयास नको. ज्या नाशिक रोडला बसून हें लिहीत आहें, तेथें १९२८ पासून सरकारी नोटांचा छापखाना चालू आहे, आणि रेल्वे व छापखाना यांच्या आश्रयानें नाना धर्मांच्या लोकांची वस्ती झालेली आहे. येथून रेल्वेनें मनमाड गांठलें कीं एका अंगास मालेगांव आणि दुसऱ्या अंगास येवलें. एक गांव मुसलमान विणकरांचें. दुसऱ्या गांवीं १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं अशी घोषणा केली. दोन अल्पसंख्य समाजांच्या राजकारणाचीं मुळें अशा रीतीनें एकाच जिल्ह्यांत, एकाच रेल्वे-जंक्शनाच्या दोन बाजूंस सांपडतात. त्यांचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून वाचावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

(१)

आरंभ मात्र मालेगांवांत नव्हे, कायद्याच्या पुस्तकांत करावा लागतो. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनीं मुसलमानांस विभक्त मतदारसंघ दिले. मुसलमान उमेदवार, मुसलमान मतदार आणि मध्यें भिंत, असें त्या व्यवस्थेचें स्वरूप होतें. १९१६ च्या लखनौ करारानें काँग्रेस व लीग या दोहोंनींही ती व्यवस्था मान्य केली, आणि मुंबई इलाख्यांत निवडून यावयाच्या हिंदी सभासदांपैकीं एक तृतीयांश जागा मुसलमानांकडे जाव्या असें ठरलें. या करारास लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता, ही गोष्ट आज पुष्कळांच्या स्मरणांत नसते. स्वराज्य लवकर पदरांत पडावें म्हणून दिलेली ती किंमत होती. पण विभक्त मतदारसंघाचा एक गुण असा कीं, उमेदवाराला परधर्मीयाच्या दारीं जावेंच लागत नाहीं. जेथें जावें लागत नाहीं तेथें बोलण्याची भाषा हळूहळू बदलते. शेजाऱ्याला काय वाटेल याचा विचार भाषणांतून गळून पडतो.

१९३५ च्या कायद्यानें मुंबई प्रांताच्या विधानसभेस १७५ जागा दिल्या. त्यांपैकीं २९ मुसलमानांच्या आणि त्यांखेरीज एक मुसलमान स्त्रीची. हिंदी ख्रिश्चनांच्या ३, अँग्लो-इंडियनांच्या २ आणि युरोपियनांच्या ३. पारशांना मात्र एकही निराळी जागा नव्हती. दादाभाई, फिरोजशहा मेहता आणि नरीमन ज्या समाजांत निपजले, तो लहानसा समाज सर्वसाधारण मतदारसंघांतूनच निवडून येत राहिला आणि त्यामुळें त्याचें वजन कमी झालें नाहीं. अल्पसंख्यपणाला भिंत हाच एक उपाय नव्हे, हें त्या कालींच डोळ्यांपुढें होतें.

आतां भिंतीच्या आंत काय घडलें तें पाहावें. १९३७ च्या निवडणुकींत या २९ जागांपैकीं मुस्लिम लीगला २० मिळाल्या. बाकीच्या ९ जागा इतरांकडे गेल्या. म्हणजे केवळ मुसलमानांनींच मत द्यावयाचें असतांही जवळजवळ एक तृतीयांश जागांवर लीगची डाळ शिजली नाहीं. १९४६ सालीं मात्र तीसच्या तीस जागा लीगनें जिंकल्या. मतदारसंघ तेच, धर्म तोच. मग नऊ वर्षांत हा फरक कां पडला?

याचें उत्तर मतदाराच्या धर्मांत नाहीं. त्याच्यापुढें ठेवलेल्या प्रश्नांत आहे. १९३७ सालीं प्रश्न असा होता कीं, आपल्या भागाच्या वतीनें कौन्सिलांत कोण शोभेल? त्याचीं उत्तरें जिल्ह्याजिल्ह्यांत निराळीं आलीं. कोठें जमीनदार, कोठें वकील, कोठें व्यापारी निवडला गेला. त्यानंतर बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ आलें. मुसलमान मंत्री म्हणून त्यांनीं एम्. वाय्. नूरी यांस घेतलें. नूरी हे लीगचे नव्हते. निवडून आल्यावर ते काँग्रेसमध्यें आले होते. काँग्रेसच्या दृष्टीनें हें सुसंगत होतें : मंत्रिमंडळ पक्षाचें, तेव्हां मंत्रीही पक्षाचा. परंतु ज्यांनीं वीस जागा जिंकल्या होत्या त्यांस असें वाटलें कीं, मत आपण द्यावयाचें आणि प्रतिनिधि दुसऱ्यानें निवडावयाचा. न्यायान्यायाचा निवाडा आज करण्याचें कारण नाहीं. पण या दुखण्याचा उपयोग लीगनें पुरेपूर करून घेतला. १९४० च्या मार्चांत लाहोरचा ठराव झाला, आणि १९४६ सालीं मतपेटीपुढें एकच प्रश्न उरला : पाकिस्तान हवें कीं नको. प्रश्नाला दोनच उत्तरें असलीं म्हणजे मतेंही दोनच ढिगांत पडतात.

त्यांतही एक गोष्ट विसरतां कामा नये. १९३५ च्या कायद्यानें मताधिकार लोकसंख्येच्या सुमारें चौदा टक्क्यांसच होता. तोही सारा, भाडें, शिक्षण अशा कसोट्यांवर. मागावर बसणाऱ्या विणकराचें मत त्यांत क्वचितच होतें. बिहारांत याच विणकरांच्या मोमीन परिषदेनें अब्दुल कय्यूम अन्सारींच्या पुढारीपणाखालीं लीगला उघड विरोध केला, आणि १९४६ च्या त्या पुरांतही कांहीं जागा जिंकून दाखविल्या. समाज एक, पण त्यांतील श्रीमंतांचें आणि विणकरांचें मत एक नव्हतें. ज्याला मतच नव्हतें त्याचें मत काय होतें, हें मतपेटी सांगू शकत नाहीं.

स्वातंत्र्याबरोबर ही भिंत पाडली गेली. घटना समितीनें १९४७ मध्यें विभक्त मतदारसंघ रद्द करण्याचें ठरविलें. १९४९ च्या मेमध्यें धर्मावर आधारलेल्या राखीव जागाही सोडल्या गेल्या. अल्पसंख्यांकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुकर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते. आणि राखीव जागा नकोत असें आग्रहानें सांगणाऱ्यांत बेगम एजाज रसूल या लीगच्याच सभासद होत्या. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, राखीव जागा ही अल्पसंख्यांना बहुसंख्यांपासून कायमची तोडणारी वस्तु आहे. १९५१-५२ सालीं प्रथमच नाशिक जिल्ह्यांतील हिंदु व मुसलमान एकाच पेटींत मत टाकूं लागले, आणि येथून आपल्या प्रश्नाचा खरा इतिहास सुरू होतो.

(२)

मोसम व गिरणा या नद्यांच्या संगमावरील मालेगांव हें मूळ नारोशंकरांच्या किल्ल्याचें गांव. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकर आग्रा रोडनें दक्षिणेस उतरले आणि येथें स्थिरावले. हातमागाची जागा पुढें यंत्रमागानें घेतली. १९२१ च्या एप्रिलांत खिलाफत चळवळीच्या वेळीं या गांवांत भयंकर दंगल झाली. पोलिस फौजदाराचा खून झाला, आणि त्यासाठीं कांहीं जणांस फांशी झाली. तेव्हांपासून मालेगांव म्हटलें कीं दंगल, अशी एक समजूत बाहेर रुजून बसली. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें शहराची वस्ती पावणेपांच लाखांच्या घरांत असून दर पांच माणसांत जवळजवळ चार मुसलमान आहेत. तेव्हां एकगठ्ठा मताचा सिद्धान्त कोठें खरा ठरावयाचा तर तो येथेंच ठरला पाहिजे.

प्रत्यक्षांत काय दिसतें? १९७८ पासून १९९९ पर्यंत हें शहर निहाल अहमद यांस सलग विधानसभेवर पाठवीत होतें. ते समाजवादी चळवळींत वाढलेले. आधीं जनता पक्षाचे व नंतर जनता दलाचे. १९७८ सालीं शरद पवारांच्या पहिल्या मंत्रिमंडळांत ते मंत्री होते, आणि १९८६-८७ मध्यें विधानसभेंत विरोधी पक्षनेते. त्यांच्या राजकारणाचा कणा सूत, मजुरी, वीज आणि पाणी हा होता. ज्या काळांत मुसलमान म्हणजे काँग्रेसचा मतदार असें सर्वत्र धरून चाललें होतें, त्याच काळांत राज्यांतील सर्वांत मोठ्या मुसलमान वस्तीच्या शहरांपैकीं एक शहर काँग्रेसला वीस वर्षें बाहेर बसवीत होतें. कारण उघड आहे. यंत्रमागाचा धंदा सुताच्या भावावर जगतो. भाव चढला कीं माग थांबतात. सरकारशीं भांडणारा मनुष्य विणकराला सरकारांत बसणाऱ्यापेक्षां अधिक उपयोगी वाटला.

१९९९ सालीं हा क्रम तुटला. काँग्रेसचे शेख रशीद निवडून आले आणि २००४ सालींही तेच आले. मध्यंतरीं ८ सप्टेंबर २००६ रोजीं, शब-ए-बरातच्या दिवशीं, मशिदीजवळ व कबरस्तानांत स्फोट होऊन तीसहून अधिक माणसें मेलीं. त्या प्रकरणांत नऊ मुसलमान तरुण पकडले गेले, आणि पुढें २०१६ मध्यें न्यायालयानें त्यांस दोषमुक्त केलें. २००८ च्या सप्टेंबरांत पुन्हां स्फोट झाला. ज्या शहराला स्वतःचीं प्रेतें पुरून पुन्हां स्वतःच आरोपी व्हावें लागलें, तेथें सुताच्या भावाचा प्रश्न मागें पडून जीविताचा व अब्रूचा प्रश्न पुढें येणें स्वाभाविक होतें. २००९ सालीं मुफ्ती मोहम्मद इस्माईल हे धर्मशास्त्री निवडून आले. आणि तेही कोणत्या पक्षाच्या चिन्हावर? वारणेच्या विनय कोऱ्यांनीं काढलेल्या जनसुराज्य शक्ति पक्षाच्या! कोल्हापूरकडील त्या पक्षाचा मालेगांवाशीं काय संबंध, असें कोणीही विचारील. संबंध कांहीं नव्हता. मनुष्य आपला होता; चिन्ह हें पलीकडे जाण्यापुरतें भाड्यानें घेतलेलें तारूं होतें. २०१४ सालीं तेच मुफ्ती राष्ट्रवादी काँग्रेसतर्फें उभे राहिले आणि काँग्रेसच्या आसिफ शेख यांजकडून पडले. २०१९ सालीं हैदराबादच्या मजलिसच्या चिन्हावर पुन्हां निवडून आले. दहा वर्षांत एक मनुष्य तीन पक्षांतून लढला, आणि दोनदां जिंकला, एकदां हरला. त्याचा धर्म व विद्वत्ता तिन्ही वेळां सारखीच होती. धर्मगुरु उभा राहिला म्हणजे अनुयायी डोळे मिटून मत देतात, ही समजूत १९१४ च्या नव्हे, २०१४ च्या मतमोजणीनें खोटी ठरविली आहे.

आतां २०२४ सालच्या दोन निवडणुका शेजारीं ठेवूं. मालेगांव मध्य हा विधानसभेचा मतदारसंघ धुळें लोकसभेच्या सहा भागांपैकीं एक आहे. मेमध्यें लोकसभेचें मतदान झालें. इतर पांच भागांत भारतीय जनता पक्ष सुमारें एक लाख नव्वद हजारांनीं पुढें होता. एकट्या मालेगांव मध्यनें काँग्रेसला सुमारें एक लाख चौऱ्याण्णव हजारांची आघाडी दिली, आणि शोभा बच्छाव ३,८३१ मतांनीं निवडून आल्या. उमेदवार बाई हिंदु होती, हें येथें लक्षांत ठेवावें. त्यावर एकगठ्ठा मतदानाचा मोठा गिल्ला झाला. मात्र नोव्हेंबरांत त्याच शहरानें विधानसभेसाठीं मत दिलें तेव्हां काय दिसलें? मजलिसचे मुफ्ती इस्माईल आणि स्वतःचा नवा पक्ष काढणारे आसिफ शेख या दोघांनाही एक लाख नऊ हजारांवर मतें पडलीं. मुफ्ती अवघ्या १६२ मतांनीं निवडून आले. ज्या काँग्रेसला मेमध्यें मतांचा पूर आला होता, तिचा उमेदवार नोव्हेंबरांत फार मागें राहिला. सहा महिन्यांत मोळी सुटली कशी?

ती मोळी मुळांत नव्हतीच. लोकसभेच्या मतदारसंघांत मालेगांवचा मुसलमान अल्पसंख्य आहे. तेथें त्याचा प्रश्न ‘कोण येऊं नये’ हा होता, आणि जिंकण्याची ताकद असलेला दुसरा उमेदवार एकच होता. विधानसभेच्या मतदारसंघांत तो बहुसंख्य आहे; तेथें भीतीचें कारण उरलें नाहीं, तेव्हां घराणें, पंथ, मोहल्ला, धंदा, पुढाऱ्यांचे हेवेदावे असे सर्व मनुष्यस्वभावाला धरून असलेले भेद वर आले. २००९ सालीं याच्या उलट झालें होतें. त्या वेळीं धुळ्यांत वृद्ध निहाल अहमद तिसरे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि त्यांनीं बहात्तर हजारांहून अधिक मतें घेतलीं. काँग्रेस सुमारें साडेएकोणीस हजारांनीं पडली आणि भाजप विजयी झाला. तेव्हां कोणी एकगठ्ठा मताची तक्रार केली नाहीं. मतें फुटलीं कीं तें चातुर्य किंवा लोकशाही, आणि जुळलीं कीं तें कारस्थान, असा दुटप्पी न्याय इतिहासाला मान्य करतां येणार नाहीं. शिवाय त्याच मेमध्यें उरलेल्या पांच भागांनींही एका बाजूस भरघोस आघाडी दिलीच होती. तिला आपण लाट म्हणतों.

(३)

आतां मनमाडच्या दुसऱ्या अंगास वळूं. येवल्याच्या घोषणेची पूर्ति २१ वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत झाली, आणि महाराष्ट्रांत एक नवा धार्मिक अल्पसंख्य समाज जन्मास आला. त्यांचा प्रश्न मुसलमानांच्या उलट होता. त्यांच्याजवळ स्वतःचा पक्ष आधींपासूनच होता : १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ चें शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि १९५७ चा रिपब्लिकन पक्ष. १९५७ सालीं काळाराम मंदिर सत्याग्रहाचे सेनानी दादासाहेब गायकवाड नाशिकांतून लोकसभेवर गेले. आणि तेही राखीव नव्हे, सर्वसाधारण जागेवरून. हा विजय एकट्या बौद्धांच्या मतांनीं शक्य नव्हता. फेडरेशन त्या वेळीं संयुक्त महाराष्ट्र समितींत सामील होतें. भाषिक राज्याच्या मागणीनें मराठा, माळी, ब्राह्मण आणि बौद्ध यांस एका मांडवाखालीं आणलें होतें. ज्या नाशकांत २५ वर्षांपूर्वीं मंदिराचें दार उघडलें नव्हतें, त्याच नाशकानें त्या सत्याग्रहाच्या पुढाऱ्यास दिल्लीस पाठविलें!

पुढें मांडव मोडला आणि अडचण दिसून आली. धर्मांतरानें बौद्ध हे अनुसूचित जातींच्या यादींतून बाहेर पडले होते. तेव्हां संसदेच्या व विधानसभेच्या राखीव जागांवर त्यांस उभें राहतां येईना. ही उणीव १९९० च्या दुरुस्तीनें भरून निघाली. तोंवर ३४ वर्षें गेलीं. दरम्यान पक्षाचे तुकडे झाले. सर्वत्र विखुरलेला, कोणत्याही मतदारसंघांत बहुसंख्य नसलेला समाज स्वतःच्या पक्षाला एकनिष्ठ राहिला तर जागा मिळत नाहींत, आणि मोठ्या पक्षाशीं सोयरीक केली तर पक्ष उरत नाहीं. १९९८ सालीं रिपब्लिकनांचे चारही गट एकत्र येऊन काँग्रेसच्या साह्यानें लढले, तेव्हां चौघे पुढारी लोकसभेवर गेले : अकोल्याहून प्रकाश आंबेडकर, मुंबईहून रामदास आठवले, अमरावतीहून रा. सू. गवई आणि चिमूरहून जोगेंद्र कवाडे. पण ही एकी टिकली नाहीं. २०१९ सालीं वंचित बहुजन आघाडी व मजलिस एकत्र आल्या आणि औरंगाबादची लोकसभेची जागा मजलिसनें ४,४९२ मतांनीं जिंकली. त्याच वर्षीं विधानसभेपूर्वीं जागांच्या वाटणीवरून तीही जोडी फुटली. दोन अल्पसंख्य समाजांचीं दुःखें सारखीं असलीं तरी जागा एकच असते, आणि ती एकालाच मिळते.

मराठी मुलखाच्या शेजारच्या गोमंतकाचें उदाहरण येथें उपयोगी आहे. १९६३ च्या निवडणुकींत तेथील बहुतेक कॅथलिक युनायटेड गोअन्सच्या मागें राहिले. त्या पक्षास १२ जागा मिळाल्या आणि विलीनीकरणवादी मगो पक्षानें मित्रांसह सरकार केलें. मात्र १६ जानेवारी १९६७ रोजीं सार्वमत घेतलें गेलें तेव्हां निराळ्या गोमंतकाच्या बाजूस ५४ टक्क्यांवर मतें पडलीं. कॅथलिक तर निम्मेही नव्हते. उरलेलीं मतें हिंदूंचीं होतीं. पक्षाच्या निवडणुकींत हरलेला अल्पसंख्य समाज तीन वर्षांनीं जिंकला. कारण या वेळीं त्याची मागणी त्याची एकट्याची राहिली नव्हती.

(४)

या सर्व हकीकतींतून जें निष्पन्न होतें तें असें. अल्पसंख्य मतदार तीन प्रश्न घेऊन मतपेटीकडे जातो : माझें रक्षण कोण करील, माझ्या भाकरीची काळजी कोण घेईल, आणि सभागृहांत माझें तोंड कोण होईल. हे तिन्ही प्रश्न बहुसंख्य मतदारही विचारतो. फरक इतकाच कीं, पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्याला बहुधा आधींच मिळालेलें असतें. जेव्हां पहिला प्रश्न तीव्र होतो तेव्हां अल्पसंख्यांचीं मतें जुळतात. तो शांत झाला कीं विणकर विणकरासारखें, व्यापारी व्यापाऱ्यासारखें, आणि चुलत भाऊ चुलत भावाविरुद्ध मत देतो. म्हणून एकगठ्ठा मत हा कोणत्याही धर्माचा स्वभाव नसून भीतीचें तें माप आहे. मालेगांवचे माग वीस वर्षें समाजवाद्यास मत देत होते तेव्हां तें माप खालीं होतें. पुढें तें कोणत्या कारणांनीं चढलें, तें वर सांगितलें आहे.

यावरून पक्षांनीं घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. ज्या पक्षाला अल्पसंख्यांचीं मतें गृहीत धरावयाचीं असतात त्याला त्यांची भीति कायम राहण्यांत सोय वाटूं लागते; आणि ज्याला त्या मतांची आशाच नसते त्याला त्यांची भीति दूर करण्याची निकड वाटत नाहीं. या दोन बेफिकिरींच्या मध्यें सांपडलेला मतदार आपला वेगळा पक्ष काढतो, आणि मग आपणच त्याला जातीयवादी म्हणतों. १९३७ सालीं जो प्रतिनिधित्वाचा कांटा रुतला तो वेळींच काढला गेला नाहीं, आणि नऊ वर्षांनीं त्याची केवढी किंमत द्यावी लागली हें या उपखंडास पुन्हां सांगावयास नको. १९४९ सालीं ज्यांनीं आपल्या राखीव जागा आपण होऊन सोडल्या, त्यांनीं शेजाऱ्याच्या न्यायबुद्धीवर विश्वास टाकला होता. त्या विश्वासाचा हिशेब दर निवडणुकीस होत असतो, आणि त्यांत जमेस काय व नांवें काय पडावें हें बहुसंख्यांच्याच हातीं आहे. नाशिक रोडच्या मतदानाच्या रांगेंत पुढें मागें उभे असलेले चार धर्मांचे चार कामगार तुटपुंज्या पगाराचाच विचार करीत मत देऊन घरीं जातात. तेथें मुसलमानांचीं मतें कोणाला, असें विचारण्याची जरूर कोणास भासत नाहीं. आणि ती जरूर इतरत्रही भासूं नये, यांतच संयुक्त मतदारसंघाचें यश आहे.